बत्तीस अंश

मार्यूनने बाही कोपरापर्यंत सारली
आणि हात असा ठेवला टेबलावर
जसा एकतीस वर्षं ठेवत आली असेल कॉडमासा फळीवर,
पोट वर, शेपूट माझ्याकडे.

त्वचेचं तापमान सव्वीस पूर्णांक चार.
क्लाक्सविकहून पहाटेची बस, समुद्राखालचे दोन बोगदे,
मग तोर्सहावनच्या धक्क्यापासून चालत,
हातमोजे बसमध्येच विसरून.
"रात्री बोटं मरतात," ती म्हणाली,
"सकाळी सुरी धरली की परत येतात.
अलीकडे अंगठा येत नाही."

मनगटावर पहिला धक्का दिला.
तर्जनीतल्या कड्यांवर लाट उमटली,
केवढी उंच, डौलदार, आणि किती उशिरा!
नवशिक्याला इथेच चकवा लागतो.
गारठलेला मज्जातंतू मोठ्याने बोलतो, पण सावकाश.
उंची बघून खूश व्हावं
की वेळ बघून आजाराचं नाव लिहावं?
दोन्ही खोटं.
यंत्राचं काय, ते थंडीलाही रोग म्हणेल.

म्हणून बेसिनमध्ये कोमट पाणी घेतलं.
पाण्यात तिचा हात, शेजारी माझाही.
गरज नव्हती.
पण पाण्यात एकटा हात बरा दिसत नाही.

दहा मिनिटं काय बोलायचं?
"किती वेगाने पळतं ते, आतलं?" तिनेच विचारलं.
निरोगी असेल तर सेकंदाला पन्नास-पंचावन्न मीटर.
ती हसली. आमच्या बेटांवर वारा याच मापात मोजतात,
रोज सकाळी रेडिओवर, मेंढ्यांच्या भावाआधी.
"आमचं छप्पर गेलं त्या डिसेंबरात
बासष्ट होता.
म्हणजे छप्पर उडालं हे मला कळायच्या आत
ते खाडीत पोचलं असणार."

मनात हिशेब करून पाहिला. तसं होत नाही.
बोटापासून मेंदूपर्यंत जेमतेम मीटरभर वाट,
खाडी केवढी लांब.
पण बोलले नाही.
तिच्या गालावर हसू अजून होतं
आणि पाणी निवायला लागलं होतं.

बत्तीस पूर्णांक एक. चालेल.
पुन्हा कडी, पुन्हा धक्का.
करंगळी, मघाशी तीही रेंगाळली होती,
आता घंटेआधी वर्गात बसलेल्या पोरीसारखी हजर.
तर्जनी नाही.
थोडी सावरली, मनगटापाशी येऊन परत अडखळली,
आणि मघाचा तो डौलही ओसरला.
थंडी उतरली.
खाली उरलं ते मार्यूनचं स्वतःचं.

मग अंगठ्याच्या उंचवट्यात सुई. स्पीकर लावला.
सैल सोडा हात, म्हटलं, अगदी सैल.
सैल स्नायूने गप्प असावं.
टिक. टिक. टिक.
ती ऐकत राहिली, मान एका बाजूला कलवून,
दारावर कुणी आलंय का याचा कानोसा घ्यावा तशी.
"कोण आहे?"
मज्जातंतूशी संबंध तुटलेले तंतू, मी सांगितलं.
एकटेच ठोके देत बसतात, वाट बघतात.
वाट बघतात हे पुस्तकात नाही.

अहवालात तापमान मी सगळ्यात वर लिहिते.
खाली: उजवं मनगट, मध्य मज्जातंतू, तीव्र,
स्नायूवर परिणाम सुरू, शस्त्रक्रियेचा विचार व्हावा.
"कारखान्यात किती अंश असतं?"
"चार. नाहीतर मासा नासतो."
त्यासाठी रकाना नाही फॉर्ममध्ये.
समासात लिहिलं, पेन्सिलीने.

निघताना हरवलेल्या वस्तूंचा खण उघडला.
दोन हातमोजे मिळाले, लोकरीचे, दोन्ही डाव्या हाताचे.
तिने एक नीट घातला, दुसरा उलटा फिरवून,
तळहाताची वीण वर आलेली.
"बोगद्यापर्यंत पुरतील," म्हणाली,
आणि दाराची मूठ
कोपराने खाली दाबली.